कमांड कुठूनही चालवली तरी प्रोग्रामला स्वतःच्या फाइली सापडाव्यात कशा? विंडोज, लिनक्स आणि मॅक

रामबागकर | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या घराजवळ एक जुनं मराठी वाचनालय आहे. अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं, दोन कपाटं भरून हाताने लिहिलेल्या नोंदवह्या, आणि सगळा भार एका ग्रंथपाल काकूंवर. गेलं वर्षभर संध्याकाळी जाऊन मी त्यांच्यासाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव ‘सूची’. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड टंकायची, पुस्तक चढवायचं, शोधायचं, यादी छापायची. काकूंना तेच आवडलं, माउसला हात न लावता भराभर नोंदी होतात.

प्रोग्रामबरोबर तीन फाइली जातात. एकीत दशांश वर्गीकरणाचे अंक आहेत: मराठी साहित्य ८९१.४६, हिंदी ८९१.४३, गुजराती ८९१.४७ वगैरे. दुसरीत पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठीचा साचा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, वर्णक्रमाची. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो आणि मग क्ष, ज्ञ. शिवाय संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त, ष. म्हणून नुसतं आकड्यांवर सोडलं की क्ष जाऊन ‘क’मध्ये बसतो आणि ज्ञ ‘ज’च्या शेवटाकडे. हे सगळं नीट लावणारा तक्ता मी त्या फाइलीत ठेवलाय.

झालं असं की काकूंनी पूर्ण यादी छापली. २२० पानं. बांधून घेतली, टेबलावर ठेवली. चार दिवसांनी एक आजोबा येऊन म्हणाले, यादीत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ विभागच नाहीत, आणि ‘काळ’ हा ‘काव्य’च्या आधी कसा? पाहिलं तर सगळी यादी युनिकोडच्या क्रमाने. घरी तोच प्रोग्राम, तेच पुस्तकांचे तपशील, आणि यादी अगदी बरोबर!

दोन तास घालवल्यावर कळलं. कोडमध्ये मी फाइलीचा पत्ता ‘डेटा फोल्डरातली वर्णक्रम फाइल’ एवढाच दिला होता. घरी मी नेहमी प्रोग्रामच्याच फोल्डरात उभा राहून तो चालवायचो, म्हणून ती सापडायची. काकू कमांड प्रॉम्प्ट उघडतात तेव्हा तो त्यांच्या खात्याच्या फोल्डरात उघडतो, आणि तिथे कुठलं डेटा फोल्डर? वर ‘फाइल नसेल तर साधा क्रम लाव’ असंही मीच लिहून ठेवलं होतं, म्हणून चुकीची खबरसुद्धा कोणाला लागली नाही. २२० पानांचा कागद आणि बांधणीचा खर्च वाचनालयाच्या पैशातून गेला, याचं मला फार वाईट वाटतंय.

माझ्याकडे उबुंटू आहे, वाचनालयात ३२ बिटांचं विंडोज ७, आणि सुट्टीत मदत करणाऱ्या भाचीकडे मॅक. तिन्हीकडे चालेल अशी रीत सांगा. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे फाइलींची, फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय. टंकताना ती रोमन समजावीत.

कळफलक | सोमवार, रात्री १०.२५

रामबागकर, तुमच्या प्रोग्रामने दोन वेगळे प्रश्न एक समजले. ‘मी कुठे राहतो’ हा एक आणि ‘मला हाक मारणारा कुठे उभा आहे’ हा दुसरा.

प्रत्येक चालू प्रोग्रामला एक ‘सध्याचं फोल्डर’ असतं. ते त्याचं स्वतःचं नसतं, ज्याने त्याला चालवलं त्याच्याकडून मिळालेलं असतं. टर्मिनलमधून चालवलात तर टर्मिनल जिथे असेल ते. लिनक्सवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रात्री चालवलात तर तुमचं होम फोल्डर. विंडोजवर एखादी बॅच फाइल ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ केलीत तर विंडोजच्या आतलं सिस्टम३२. यातल्या एकाही ठिकाणी तुमचा तक्ता नाही.

शिकाऊ_गडी | सोमवार, रात्री १०.४०

मग प्रोग्राम सुरू झाल्या झाल्या पहिल्याच ओळीत स्वतःच्या फोल्डरात उडी मारली तर? सध्याचं फोल्डरच बदलून टाकायचं. एका ओळीत काम!

कळफलक | सोमवार, रात्री १०.५५

नको, त्याने दुसरी बाजू मोडते. उद्या काकू डेस्कटॉपवर उभ्या राहून ‘सूची चढव नवी-पुस्तकं’ अशी कमांड देतील. ती नवी-पुस्तकं फाइल काकूंच्या समोर आहे, त्या जिथे उभ्या आहेत तिथली. प्रोग्राम आधीच आपल्या घरी पळून गेला असेल तर तो ती फाइल स्वतःच्या घरात शोधेल आणि म्हणेल, नाही. वापरणाऱ्याने नाव घेऊन दिलेली फाइल सध्याच्या फोल्डरातच शोधायची, आणि प्रोग्रामबरोबर आलेली प्रोग्रामच्या घरात. एकीसाठी दुसरीला हलवायचं नाही.

शिकाऊ_गडी | सोमवार, रात्री ११.०५

समजलं. पण प्रोग्रामला स्वतःचं घर कळणार कसं? सी शिकताना आम्हाला सांगितलं की आर्ग-व्ही शून्यमध्ये प्रोग्रामचं नाव येतं. तेच वापरायचं ना?

कळफलक | मंगळवार, सकाळी ७.३०

रात्री डोळा लागला, आता सविस्तर लिहितो.

आर्ग-व्ही शून्य म्हणजे चालवणाऱ्याने सांगितलेलं नाव. पाथमधून, म्हणजे प्रणाली जिथे प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांच्या यादीतून, प्रोग्राम सापडला असेल तर त्यात नुसतं ‘सूची’ येतं, पुढचामागचा पत्ता काही नाही. आणि चालवणारा तिथे वाटेल ते घालू शकतो. युनिक्सवर लॉगिन शेल (आपल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम) सुरू होतं तेव्हा त्याच्या नावापुढे मुद्दाम एक आडवी रेघ लावलेली असते, तिथे त्या नावाची फाइलच नसते. म्हणून त्या नावावर घर शोधायला निघू नये. प्रणालीलाच विचारावं, आणि इथेच सगळं वेगवेगळं होतं.

लिनक्सवर ‘प्रोक’मध्ये ‘सेल्फ’, त्यात ‘एक्झी’ नावाचा दुवा असतो. तो चालू प्रोग्रामच्या खऱ्या फाइलीकडे बोट दाखवतो. रीडलिंकने तो वाचायचा. सी मध्ये लिहीत असाल तर लक्षात ठेवा, रीडलिंक शेवटी शून्य लावून देत नाही, ते आपण लावायचं. दुसरं, प्रोग्राम चालू असतानाच कोणी त्याची फाइल काढून नवी ठेवली तर त्या पत्त्याच्या शेवटी ‘डिलीटेड’ हा शब्द कंसात चिकटून येतो. तो पत्ता तसाच पुढे वापरला की सगळं फसतं.

मॅकवर प्रोक नाहीच. तिथे ‘एनएस गेट एक्झिक्युटेबल पाथ’ असं फंक्शन आहे. दिलेली जागा अपुरी पडली तर ते उणे एक परत करतं आणि किती जागा हवी तेही सांगतं, तेवढं ऐकून पुन्हा विचारायचं. मिळालेला पत्ता प्रतीकात्मक दुव्याचा असू शकतो, म्हणून त्यावर रिअलपाथ चालवायचं.

विंडोजवर ‘गेट मॉड्यूल फाइल नेम’. जुन्या कोडमध्ये लोक २६० अक्षरांची जागा ठरवून टाकतात. पत्ता त्याहून लांब असला तर तो कापला जातो, आणि परत आलेली लांबी तपासली नाही तर ते कळतही नाही.

फ्रीबीएसडीवर सिसकंट्रोलमधून विचारता येतं. ओपनबीएसडीवर असं विचारायची सोयच नाही. तिथले लोक फाइली कुठे ठेवल्या ते प्रोग्राम बांधतानाच आत कोरून टाकतात.

आता रामबागकर, तुमच्यासाठी. तुमचा प्रोग्राम पायथनमध्ये आहे, म्हणून वरच्या कुठल्याही रीतीने विचारलंत तर उत्तर पायथनच्या इंटरप्रिटरचं, म्हणजे तुमचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामचं, येईल, ‘सूची’चं नाही. तुम्हाला हवं ते डंडर-फाइल (‘फाइल’च्या दोन्ही बाजूंना दोन दोन अधोरेषा), ज्यात चालू मॉड्यूलच्या फाइलीचा पत्ता असतो. त्याला पाथलिबच्या पाथमध्ये घालून रिझॉल्व्ह करा, म्हणजे मधले दुवे सुटतात, आणि त्याच्या पेरेंटपासून पुढे चाला. हे काम पहिल्याच ओळींत करून ठेवा. पायथन ३.९ च्या आधी मुख्य स्क्रिप्टचं डंडर-फाइल अर्धवट पत्ता असू शकतं, आणि विंडोज ७ वर तुम्ही ३.८ च्या पुढे जाऊ शकत नाही. मध्येच फोल्डर बदललं तर तो अर्धा पत्ता निकामी.

माळवी_माती | मंगळवार, सकाळी ९.१०

दुव्यांबद्दल एक भर घालतो. मी ऑप्टमध्ये प्रोग्राम ठेवतो आणि यूएसआर-लोकल-बिनमध्ये फक्त त्याचा दुवा. दुवा न सोडवता ‘माझ्या शेजारचं डेटा’ शोधलं तर प्रोग्राम बिनमध्ये शोधत बसतो. शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी रीडलिंकच्या ‘एफ’ पर्यायावर फार विसंबू नये, जुन्या मॅकवर तो नाही. आणि बॅशमध्ये डॉलर-शून्याऐवजी बॅश-सोर्स वापरा, स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टने आत ओढून घेतली असली तरी ते बरोबर सांगतं. मात्र २०१९ पासून मॅकचं नेहमीचं शेल झीशेल आहे, त्यात बॅश-सोर्स नाही. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश हवं असं स्पष्ट लिहा.

लिपीवेडी | मंगळवार, दुपारी १.१५

रामबागकर दादा, विंडोजवर तुमचं फोल्डर मराठी नावाचं आहे का? असेल तर आधी हे वाचा.

विंडोजच्या त्या फंक्शनची दोन रूपं आहेत, एक ‘ए’ने संपणारं आणि एक ‘डब्ल्यू’ने. ‘ए’ जुन्या कोडपेजमधून, म्हणजे मोजकीच अक्षरं असलेल्या तक्त्यातून, पत्ता देतं. देवनागरीसाठी विंडोजने असं कोडपेज कधी ठेवलंच नाही, आपली लिपी तिथे पहिल्यापासून फक्त युनिकोडमध्ये आहे. म्हणून ‘ए’ रूपाने विचारलं की ‘ग्रंथालय’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते, आणि त्या नावाचं फोल्डर अर्थातच कुठे नसतं. मी पाच वर्षं मराठी टंकांची साधनं लिहिते आहे. ‘तुमचा प्रोग्राम माझ्याकडे चालत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी विचारते, खात्याचं नाव मराठीत आहे का? कारण खात्याच्या नावाचं फोल्डर प्रत्येक पत्त्यात मध्ये येतं. प्रोग्राम स्वतः रोमन फोल्डरात असला तरी वापरणाऱ्याचं घर मराठी असू शकतं, आणि का नसावं? माणसाने आपलं नाव आपल्या लिपीत लिहिलं म्हणून प्रोग्राम अडत असेल तर दुरुस्त प्रोग्राम व्हायला हवा.

पायथन ३ आतून डब्ल्यू रूपच वापरतो, तिथे तुम्ही वाचलात. सी वाल्यांनी मात्र डब्ल्यू वापरावं. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये मॅनिफेस्टात (प्रोग्रामची माहिती विंडोजला सांगणारा मजकूर) लिहून ‘ए’ रूपालाही यूटीएफ-८ बोलायला लावता येतं, पण विंडोज ७ वर त्याचा उपयोग नाही.

मॅकवर वेगळीच गंमत नाही, खरी अडचण आहे, आणि ती आपल्याच भाषेला लागते. जुनी एचएफएस प्लस फाइल व्यवस्था नावं सुटी करून साठवायची. ‘दुसऱ्या’मधला ऱ घ्या. युनिकोडमध्ये तो एक सबंध अक्षरचिन्ह म्हणूनही लिहिता येतो, आणि र अधिक नुक्ता असा जोडूनही. तुम्ही ‘दुसऱ्या-प्रती’ नावाचं फोल्डर केलंत तर जुना मॅक ते सुटं करून ठेवतो. मग प्रोग्रामने यादी वाचून नाव ताडून पाहिलं की दिसायला तेच, पण बाइट वेगळे. जुळत नाही. २०१७ पासूनच्या एपीएफएसमध्ये नाव दिलं तसं ठेवलं जातं, तरी जुन्या डिस्कवरून आलेली नावं सुटीच असतात. नावं ताडताना दोन्ही बाजू एनएफसी, म्हणजे युनिकोडच्या जोडलेल्या, रूपात आणा. त्यासाठीचं युनिकोडडेटा मॉड्यूल पायथनबरोबर येतंच.

रामबागकर | मंगळवार, दुपारी ३.४०

लिपीवेडी ताई, वाचनालयात फोल्डर ‘ग्रंथालय’ याच नावाचं आहे. आणि भाचीच्या मॅकवरून मागे आणलेल्या एका यादीत ‘वऱ्हाड’ शब्द शोधूनही सापडत नव्हता, तो मी हाताने पुन्हा टंकला होता. त्याचं कारण आज कळलं. ते फाइलीचं नाव नव्हतं, आतला मजकूर होता, पण दुखणं हेच दिसतंय. शोधाच्या शब्दालाही एनएफसी लावतो.

कारखाना_पाळी | मंगळवार, रात्री ११.५०

पाळी संपवून लिहितोय. इथे सगळे ‘फाइल कशी वाचायची’ बोलताय. लिहायची कुठे, हेही विचारा रामबागकर. तुमचा नोंदींचा डेटाबेस कुठे आहे?

पीथमपूरला ज्या कारखान्यात मी आहे तिथे साच्यांच्या नोंदी ठेवणारा एक जुना ३२ बिटांचा प्रोग्राम होता. प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलेला, आणि नोंदींची फाइल त्याच्याच शेजारी. एक्सपीवर सगळं छान. नवीन विंडोज आलं आणि दिवसपाळीच्या नोंदी रात्रपाळीला दिसेनात. रात्री आम्ही भरलेल्या सकाळी गायब. दोन्ही पाळ्या एकमेकांवर आरोप करत होत्या, भांडण साहेबांपर्यंत गेलं. एका मुलाला तर नोंदी खोडतो म्हणून बोलणी बसली. मला त्याचं आजही वाईट वाटतं, त्याने काही केलं नव्हतं.

शेवटी सापडलं. व्हिस्टापासून साध्या खात्याला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची मुभा नाही. पण जुने प्रोग्राम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांना नकार देत नाही. ज्या ३२ बिटांच्या प्रोग्रामात मॅनिफेस्ट नाही त्याचं लिखाण ते गुपचूप त्या त्या खात्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये वळवतं. पुढच्या वेळी तोच प्रोग्राम तीच फाइल मागतो तेव्हा त्याला ही वळवलेली प्रत मिळते. दोन खाती, दोन प्रती, आणि मूळ फाइल तशीच धूळ खात पडलेली. आठ महिन्यांच्या नोंदी दोन फाइलींतून ओळ न् ओळ ताडून मी आणि त्या मुलाने एकत्र केल्या.

प्रोग्रामचं घर वाचायला. लिहायचं तिथे कधी लिहू नका.

माळवी_माती | बुधवार, सकाळी ८.२०

हा अनुभव इथे लिहिलात ते फार बरं केलंत.

तरी मी एक सुचवतो. बाहेर फाइली ठेवायच्याच कशाला? पायइन्स्टॉलरने सगळं एका फाइलीत बांधा. गो भाषेत १.१६ पासून एम्बेड आहे, रस्टमध्ये इन्क्लूड-एसटीआर आहे. तक्ता प्रोग्रामच्या पोटातच जातो. शोधायचं काही उरतच नाही. पेनड्राइव्हवर एक फाइल न्या, चालवा.

कळफलक | बुधवार, सकाळी ९.००

वर्णक्रमाच्या तक्त्यासाठी मान्य. तो काकूंनी बदलायचा नाही. पण पायइन्स्टॉलरची एक-फाइल रीत दर वेळी सगळं एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडते, त्याचा पत्ता सिस-मेईपासमध्ये मिळतो, आणि प्रोग्राम संपला की ते फोल्डर पुसून टाकते. रामबागकरांचा डेटाबेस आज डंडर-फाइलच्या शेजारी असेल आणि उद्या त्यांनी तसंच बांधलं, तर काकूंनी दिवसभर चढवलेली पुस्तकं संध्याकाळी प्रोग्राम बंद करताना पुसली जातील. कारखान्यातल्या घोटाळ्यात निदान दोन प्रती तरी होत्या.

गोमध्येही शिकाऊ मुलं हमखास अडकतात. १.८ पासून ओएस-एक्झिक्युटेबल आहे, पण ‘गो रन’ने चालवलं की प्रोग्राम तात्पुरत्या जागी बांधला जातो आणि उत्तर त्या जागेचं येतं.

रामबागकर | बुधवार, सकाळी ९.३०

डेटाबेस खरंच डंडर-फाइलच्या शेजारीच आहे! आज ऑफिसला जायच्या आधी वाचनालयात जाऊन त्याची प्रत काढून आणतो.

चिठ्ठीचा साचा आणि वर्गीकरणाची फाइल पोटात घालणं मला पटत नाही. काकू त्या बदलतात. चरित्रांचे पोटविभाग त्यांनी स्वतः पाडलेत, इंदूरच्या स्थानिक इतिहासाला वेगळा अंक दिलाय. तीस वर्षं त्या कपाटांशी वावरलेल्या माणसाचं ते ज्ञान आहे. प्रत्येक बदलासाठी त्यांनी माझी वाट बघावी असं व्हायला नको.

लिपीवेडी | बुधवार, दुपारी १२.४५

मग दोन्ही करा. मूळ प्रत प्रोग्रामबरोबर, आणि काकूंची प्रत त्यांच्या जागी. आधी काकूंची बघायची, ती नसेल तर मूळ. प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकाल तेव्हा मूळ प्रत बदलेल, काकूंच्या प्रतीला धक्का लागणार नाही.

टेक ही पुस्तक जुळवायची प्रणाली वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. त्याची केपाथसी नावाची लायब्ररी चालू प्रोग्रामच्या फोल्डराला सेल्फ-ऑटो-लॉक म्हणते, त्याच्या वरच्याला सेल्फ-ऑटो-डीर, आणि आणखी वरच्याला सेल्फ-ऑटो-पेरेंट. तिथून आपल्या हजारो टंक आणि साच्यांच्या फाइलींचा माग काढते. अख्खं झाड उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवलं तरी चालतं. आणि केपीएसई-विच ही कमांड दिली की कुठली फाइल नेमकी कुठून उचलली ते सांगते. मराठी पुस्तक जुळवताना चुकीचा टंक आला की मी पहिल्यांदा तीच चालवते.

कळफलक | बुधवार, रात्री ८.१५

पायथन स्वतःचं घर कसं शोधतो तेही बघण्यासारखं आहे. तो आपल्या फाइलीपासून वरवर चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर एक खूण शोधतो, लिब फोल्डरात ओएस-डॉट-पीवाय आहे का? सापडली की तेच घर. नुसतं ‘दोन पायऱ्या वर’ असं मोजण्यापेक्षा खूण पटवणं जास्त भरवशाचं, कारण मांडणी बदलली तर मोजलेल्या पायऱ्या भलतीकडे नेतात आणि ते कळत नाही.

लिहायच्या जागा आता सांगतो. लिनक्सवर एक्सडीजीचा संकेत आहे: आवडीनिवडी होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये, नोंदी डॉट-लोकल-शेअरमध्ये, पुन्हा बनवता येईल असं सगळं डॉट-कॅशमध्ये. पण आधी एक्सडीजीची पर्यावरण चलं (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या नाव आणि किंमत अशा जोड्या) बघायची. वापरणाऱ्याने तिथे दुसरी जागा सांगितली असेल तर ती पाळायची. मात्र त्यात अर्धवट पत्ता दिला असेल तर तो धरायचा नाही, असं संकेतातच लिहिलंय. मॅकवर होमच्या लायब्ररीत ॲप्लिकेशन सपोर्ट आणि कॅशेस. विंडोजवर ॲपडेटा आणि लोकल ॲपडेटा. पहिलं मोठ्या कार्यालयांत खात्याबरोबर एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरतं, म्हणून डेटाबेससारखी जड फाइल लोकलमध्ये बरी.

पायथनमध्ये प्लॅटफॉर्मडीर्स नावाचं छोटं पॅकेज हे सगळं एका कॉलमध्ये देतं. हाताने लिहू नका.

कारखाना_पाळी | बुधवार, रात्री १०.३०

वाचनालयात खाती किती? काकू सोडून कोणी नोंदी करतं का? असेल तर लोकल ॲपडेटा म्हणजे पुन्हा आमच्या दोन पाळ्या.

रामबागकर | बुधवार, रात्री १०.४५

दोन खाती आहेत. रविवारी एक निवृत्त शिक्षक येतात, ते वेगळ्या खात्यातून करतात. बरं झालं विचारलंत.

कारखाना_पाळी | बुधवार, रात्री ११.००

मग प्रोग्रामडेटा. ते सगळ्या खात्यांसाठी एकच असतं. पण नुसतं तिथे ठेवून भागत नाही. काकूंनी तयार केलेली फाइल गुरुजींना वाचता येईल, बदलता येणार नाही, मुळात परवानग्या तशाच असतात. बसवताना ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून ‘सूची’चं फोल्डर करा आणि त्यावर दोन्ही खात्यांना बदलायची मुभा द्या. मग दोन्ही खात्यांतून एकेक नोंद करून, दुसऱ्या खात्यात ती दिसते का ते डोळ्याने बघा. आम्ही बघितलं नव्हतं.

शिकाऊ_गडी | गुरुवार, सकाळी ७.५०

एक शंका. शेवटचा उपाय म्हणून सध्याच्या फोल्डरातही शोधायला काय हरकत आहे? काही नाही तर तिथे तरी सापडेल.

कळफलक | गुरुवार, सकाळी ८.३०

कोणाच्याही पेनड्राइव्हवर ‘डेटा’ नावाचं फोल्डर असू शकतं. काकू तिथे उभ्या राहून कमांड देतील आणि प्रोग्राम परक्या फाइलीला आपली समजेल. साच्याची फाइल असेल तर छपाई बिघडेल. चालवायचा कोड असेल तर परक्याचा कोड चालेल. गिटने, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने, २०२२ मध्ये याच जातीची एक सुरक्षेची चूक दुरुस्त केली. सध्याच्या फोल्डरापासून वर चढत गिटचं फोल्डर शोधताना, सामायिक संगणकावर दुसऱ्याच माणसाने वर ठेवलेलं फोल्डर उचललं जायचं. तेव्हापासून मालक वेगळा असेल तर गिट थांबतं, आणि त्या फोल्डराला मुद्दाम मुभा दिल्याशिवाय पुढे जात नाही.

मुद्दाम दुसरीकडून घ्यायचं असेल तर त्यासाठी एक पर्यावरण चल ठेवा, ‘सूची-डेटा’ असं. चाचणीलाही तेच उपयोगी पडतं. आणि चल दिलेलं असून तिथे फाइल नसेल तर पुढे दुसरीकडे शोधत जाऊ नका, तिथेच थांबा. माणसाने स्पष्ट सांगितलेली जागा चुकली असेल तर त्याला ते कळायला हवं.

रामबागकर | शनिवार, रात्री ९.१५

मंडळी, तीन दिवस बसून केलं, ते सांगतो.

वर्णक्रमाचा तक्ता आता पायथनच्या मॉड्यूलमध्येच आहे, फाइल उरलीच नाही. वर्गीकरण आणि साचा: आधी ‘सूची-डेटा’ चल, मग प्रोग्रामडेटातली काकूंची प्रत, मग डंडर-फाइलपासून खूण पटवून सापडलेली मूळ प्रत. पायथन ३.८ मध्ये इम्पोर्टलिब-रिसोर्सेसचं नवं ‘फाइल्स’ नाही, म्हणून मूळ प्रतीसाठी पाथलिबच वापरलं. डेटाबेस प्रोग्रामडेटात हलवला, जुन्याची प्रत माझ्याकडे दोन ठिकाणी आहे.

‘नसेल तर साधा क्रम’ ही ओळ काढून टाकली. आता फाइल सापडली नाही तर प्रोग्राम थांबतो, आणि कुठे कुठे शोधलं ते सगळे पत्ते मराठीत एकाखाली एक छापतो. ते चुकांच्या प्रवाहात जातं, म्हणून यादी फाइलीत वळवली असली तरी निरोप पडद्यावर दिसतो. परतीचा अंकही शून्य नसतो. आणि क्रॉन असा निरोप पत्राने पाठवतो, त्यामुळे रात्रीची क्रॉनची नक्कल अर्धवट झाली तर मला पत्र येतं.

लिपीवेडी ताईंच्या केपीएसई-विचवरून ‘सूची ठिकाण’ अशी कमांड केली. काकूंना ती इतकी आवडली की त्यांनी तिचं उत्तर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

आज दुपारी वाचनालयात तपासलं. डेस्कटॉपवरून, सी ड्राइव्हच्या मुळातून, पेनड्राइव्हवरून, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. चारही वेळा तीच उत्तरं. काकूंच्या खात्यात एक नोंद केली, गुरुजींच्या खात्यात दिसली. त्यांच्या खात्यातून बदलली, काकूंकडे बदललेली दिसली. मग साच्याच्या दोन्ही प्रती, काकूंची आणि मूळ, मुद्दाम दुसरीकडे हलवून काकूंना कमांड द्यायला सांगितलं. निरोप वाचून त्या स्वतःच म्हणाल्या, “अरे, साचा या दोन जागी नाही म्हणतोय, तू कुठे नेलास?”

शिकाऊ_गडी | शनिवार, रात्री ९.४०

आणि यादी?

रामबागकर | शनिवार, रात्री ९.५५

पुन्हा छापली, या वेळी कागद माझ्याकडून. आधी फक्त क, ल, ह आणि शेवटची पानं काढून त्या आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बोट ठेवत ‘काव्य’, ‘काश्मीर’, मग ‘काळ’ असं वाचलं, शेवटच्या पानावर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ बघितले आणि छापा म्हणाले. बांधणी मंगळवारी मिळेल. भाची दिवाळीला येईल तेव्हा मॅकवर ‘दुसऱ्या-प्रती’ फोल्डर करून बघायचं राहिलंय, ते बघून इथेच लिहितो.